संगणकाच्या पोटांतील जडसंग्रह

मार्चअखेर जवळ आली कीं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांत एका लांबट, जाडजूड वहीवरची धूळ झटकली जाते. तिचें नांव जडसंग्रह नोंदवही. शाळेच्या मालकीची प्रत्येक टिकाऊ वस्तु तींत नोंदलेली असते: बांकें, कपाटें, भिंतीवरचे नकाशे, पृथ्वीचा गोल, प्रयोगशाळेंतील तराजू, पितळी घंटा. मुख्याध्यापक एकेक नोंद वाचतात, शिपाई ती वस्तु दाखवितो आणि समोर खूण होते. एखादें बांक मोडलें असेल तर मोडकें म्हणून तें मोजलें जातें. नसलेलें बांक असल्याचें भासवितां येत नाहीं, कारण तें डोळ्यांसमोर असावें लागतें.

संगणकाची गोष्ट तशी नाहीं. नोंदवहींत लिहिलेलें असतें, ‘संगणक, नग दहा, प्रोसेसर चार कोअरचा, रॅम ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी.’ पडताळणीच्या दिवशीं दहा पेट्या दिसतात, दहा पडदे दिसतात आणि दहाच्या आंकड्यापुढें खूण होते. परंतु पैसे दिले गेले ते पत्र्याच्या पेटीचे नव्हेत. पेटीच्या आंत ज्या तीनचार वस्तु आहेत त्यांचे ते पैसे. आणि त्या वस्तु कोणीं पाहिल्या, असें विचारलें तर खरें उत्तर ‘कोणींच नाहीं’ असें येतें.

हा प्रश्न केवळ काटेकोरपणाचा नाहीं. ज्यांच्या सहीनें माल ताब्यांत घेतला जातो, त्यांच्या माथीं ती जबाबदारी निवृत्तीपर्यंत राहते. दुरुस्तीसाठीं बाहेर गेलेली पेटी परत येतांना ८ जीबीच्या रॅमऐवजीं ४ जीबीची रॅम घेऊन आली, तर ती गोष्ट कार्यभार सोंपविण्याच्या दिवशीं उघड होते, आणि त्या दिवशीं पेटी कोणत्या दुकानीं गेली होती हेंही कोणास आठवत नाहीं. याच्या उलट बाजूचें नुकसान तर याहून मोठें. विंडोज १० या प्रणालीचें सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. तिच्या पुढच्या विंडोज ११ प्रणालीस ठराविक यादींतील प्रोसेसर, कमींत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची व्यवस्था लागते. ज्या यंत्रांत हें नाहीं तीं ‘जुनीं झालीं’ म्हणून सरसकट निर्लेखनाच्या यादींत घालण्याचा मोह शाळांस होतो. त्यांतील कित्येक यंत्रें दुसऱ्या प्रणालीवर आणखी कांहीं वर्षें मुलांच्या हाताखालीं सुखानें चालतील. कांहीं खरोखरच मोडींत काढण्याजोगीं असतील. कोणतें यंत्र कोणत्या रांगेंत बसावयाचें, हें बाहेरून कळत नाहीं.

पेटी उघडून पाहावी हा पहिला विचार कोणाच्याही मनांत येईल. पण नव्या पेटीवर पुरवठादाराची मोहोर चिकटविलेली असते, ती फाटली तर हमी जाते; आणि उघडूनही पुष्कळसें कळत नाहीं. प्रोसेसर पंख्याखालीं व राखाडी लेपाखालीं दडलेला असतो. याहून सोपा उपाय असा कीं, खुद्द यंत्रासच विचारावें. त्याच्याजवळ स्वतःविषयींची पुष्कळ माहिती असते, व कीबोर्डवर चारपांच अक्षरें उमटविलीं कीं तें ती सांगतें.

त्यासाठीं लिनक्स ही प्रणाली फार सोयीची आहे. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथें लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिचा गाभा लिहावयास घेतला. पुढें जगभरच्या लोकांनीं तो वाढविला. पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं ‘बॉस’ नांवाची आपली लिनक्स बाहेर काढली, तींत मराठीची सोय आहे. अशी एखादी लिनक्स पेन ड्राइव्हवर घालून त्या पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू करतां येतो. आंतल्या डिस्कवरील विंडोजला किंवा कागदपत्रांना धक्का लागत नाहीं. मात्र पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असें जें बटण दिसतें तें दाबावयाचें नाहीं. तें दाबून पुढें गेल्यास जुनें सारें पुसलें जाऊं शकतें. यंत्र सुरू झालें कीं टर्मिनल नांवाची काळी खिडकी उघडावी. सर्व आज्ञा इंग्रजी लहान लिपींत लिहावयाच्या आणि शेवटीं एंटरची कळ दाबावयाची.

येथें एक गोष्ट आधींच ध्यानांत ठेविली पाहिजे. पडद्यावर उमटणारीं उत्तरें एकाच तोंडचीं नसतात. कांहीं उत्तरें तो तो भाग स्वतः देतो. कांहीं मदरबोर्ड बनविणाऱ्या कारखान्यानें लिहून ठेवलेल्या तक्त्यांतून वाचून दाखविलीं जातात. कांहीं लिनक्सनें आपल्यापुरती केलेली मोजदाद असते. पंचनाम्यांत प्रत्यक्ष पाहणारा कोण आणि ऐकीव सांगणारा कोण हें जसें वेगळें लिहितात, तसेंच येथेंही केलें पाहिजे. नाहींतर खरा पुरवठादार चोर ठरतो आणि खोटा सुटतो.

पहिली आज्ञा प्रोसेसरची. एल, एस, सी, पी, यू हीं पांच अक्षरें सलग लिहावीं: ‘एलएससीपीयू’. यांतील एल आणि एस यांचा अर्थ ‘यादी दे’ असा, आणि पुढचीं अक्षरें कशाची यादी हें सांगतात. बाकीच्या पुष्कळ आज्ञांची घडण अशीच आहे. या आज्ञेचें उत्तर भरंवशाचें असतें, कारण प्रोसेसरच्या अंगीं स्वतःचें नांव सांगण्याची सोय कारखान्यांतच बसविलेली असते. उत्तरांत ‘मॉडेल नेम’ या ओळींत त्याचें पूर्ण नांव येतें. तें देयकावरील नांवाशीं अक्षर न अक्षर जुळवावें. एका अक्षराच्या वा आंकड्याच्या फरकानें प्रोसेसर पांच वर्षें जुन्या पिढीचा निघूं शकतो.

याच उत्तरांत एक फसवी ओळ आहे. ‘सीपीयू’ या शब्दापुढें ८ हा आंकडा दिसतो, आणि आठ कोअरचा प्रोसेसर मिळाला म्हणून आनंद होतो. वस्तुतः त्याच्या खालच्या दोन ओळी वाचावयाच्या असतात. ‘कोअर पर सॉकेट’ चार आणि ‘थ्रेड पर कोअर’ दोन असतील, तर कोअर चारच आहेत. प्रत्येक कोअर दोन कामांचे धागे एकाच वेळीं हातीं घेतो, म्हणून लिनक्स ते आठ मोजते. एका शिक्षकाकडे दोन वर्ग दिले म्हणून शाळेंत शिक्षक दोन झाले असें नव्हे. उलट प्रकारची गैरसमजूतही होते. देयकावर वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि यंत्र दाखवितें ८०० मेगाहर्ट्झ! यांत लबाडी नाहीं. काम नसतांना प्रोसेसर आपला वेग कमी करून वीज वांचवितो. ‘सीपीयू मॅक्स मेगाहर्ट्झ’ ही ओळ पाहिली कीं शंका फिटते.

आतां रॅम. ‘फ्री’ हा शब्द, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून एच हें अक्षर लिहिलें कीं लिनक्स आपल्या हातीं किती रॅम आहे तें सांगते. ८ जीबीच्या यंत्रांत हा आंकडा साडेसात किंवा ७.६ असा कांहींतरी येतो. येथें पुष्कळांची तक्रार सुरू होते. पण रॅम कमी दिलेली नसते. पडद्यावर चित्र उमटविणारा भाग स्वतःची रॅम नसेल तर याच रॅममधून आपला वांटा काढून घेतो, आणि यंत्र सुरू करणारी मूळ व्यवस्थाही थोडी जागा अडवून ठेवते. लिनक्स उरलेली मोजते.

डिस्कचीही अशीच तूट दिसते, पण तिचें कारण अगदीं निराळें. ‘एलएसबीएलके’ या आज्ञेनें डिस्कची यादी मिळते. तींत ५१२ जीबीची डिस्क सुमारें ४७७ म्हणून दिसते व १००० जीबीची ९३१ म्हणून. येथें कोणी वांटा काढून घेतलेला नसतो, माप बदललेलें असतें. डिस्कचा कारखाना एक जीबी म्हणजे शंभर कोटि बाइट धरतो. ही आज्ञा मात्र दोनाच्या तिसाव्या घाताचें माप धरते, म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट. मराठवाड्यांतील वृद्ध माणसांस हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. निजामी अमदानींत येथें हाली रुपया चाले आणि इंग्रजी मुलखांत कलदार. सात हाली म्हणजे सुमारें सहा कलदार. सोलापूरच्या पेठेंतून माल आणणाऱ्यास एकच रक्कम दोन आंकड्यांनीं सांगावी लागे, आणि दोन्ही आंकडे खरे असत. जीबी हा शब्द एकच राहिला आणि नाणीं दोन झालीं, एवढाच येथील घोटाळा आहे.

रॅमविषयीं याहून खोल विचारावयाचें असेल तर ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा आहे. ती चालविण्यास मालकीहक्क लागतो, म्हणून तिच्या आधीं ‘सुडो’ हा शब्द लिहावा. पुढें आडवी रेघ व टी हें अक्षर, मग एक जागा सोडून १७ हा आंकडा लिहिला कीं रॅमच्या प्रत्येक खांचेची हकीकत येते: कोणत्या खांचेंत किती जीबीची पट्टी आहे, तिचा वेग किती, बनविणारा कोण, अनुक्रमांक कोणता, आणि कोणती खांच रिकामी आहे. जुन्या यंत्राच्या दृष्टीनें रिकामी खांच ही आनंदाची बातमी असते. ४ जीबीच्या यंत्रांत आणखी ४ जीबीची पट्टी बसली, तर निर्लेखनाच्या यादींतून तें यंत्र बाहेर पडूं शकतें.

ही आज्ञा मात्र ऐकीव सांगणाऱ्यांपैकीं आहे. ती स्वतः कांहीं तपासत नाहीं. यंत्र सुरू करणारी व्यवस्था जो तक्ता तयार ठेवते तो वाचून दाखविते. आज्ञेच्या कर्त्यांनींच तिच्या माहितीपत्रकांत बजावून ठेवलें आहे कीं, या तक्त्यांतील मजकूर वारंवार अपुरा किंवा चुकीचा असतो. कित्येक यंत्रांत कारखान्याचें नांव व अनुक्रमांक असावयाच्या जागीं ‘हें कारखानदारानें भरावयाचें आहे’ अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य तसेंच राहिलेलें दिसतें! कारकुनानें छापील नमुना न भरतांच पुढें पाठवावा, त्यांतला हा प्रकार. अशा यंत्राचा अनुक्रमांक नोंदवहींत काय लिहिणार? म्हणून या तक्त्यांतील रॅमची बेरीज ‘फ्री’ या आज्ञेनें दिलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावी. दोन्ही जवळजवळ आल्या तर रॅम मान्य करण्यास हरकत नाहीं. तक्ता ८ म्हणतो आणि लिनक्स ३.७ मोजते, असें झालें तर मात्र तें यंत्र बाजूस ठेवावें.

यानंतर मदरबोर्डाला जोडलेल्या इतर भागांची यादी. हे भाग प्रोसेसरशीं कसे जोडलेले असतात हें कळण्यास लातूरकरांस त्यांची गंजगोलाई डोळ्यांपुढें आणणें पुरे आहे. १९१७ सालीं नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनीं तिचा आराखडा केला. मधोमध गोलाकार इमारत आणि तिच्यापाशीं येऊन मिळणारे सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्यावर आपापली पेठ. संगणकाच्या आंतही असेच रस्ते आहेत. चित्राचा भाग, आवाजाचा भाग, जाळ्याचा भाग, डिस्कचा भाग हे त्यांवर वसलेले असतात, आणि प्रत्येकास रस्त्याचा क्रमांक, घराचा क्रमांक व घरांतील खोलीचा क्रमांक असा तीन हिश्श्यांचा पत्ता असतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा रस्तोरस्तीं फिरून दारें ठोठावते. घरांत कोणी असेल तर तें दोन क्रमांक सांगतें, एक कारखान्याचा व दुसरा वस्तूचा. इंटेल या कारखान्याचा क्रमांक ८०८६ असा आहे. १९७८ सालच्या त्याच्या प्रसिद्ध प्रोसेसरचें नांवच त्यानें आपल्या क्रमांकांत कायम ठेविलें.

हे क्रमांक भागाच्या तोंडचे असतात, म्हणून विश्वासार्ह. क्रमांकावरून नांव काढण्याचें काम मात्र लिनक्सजवळची एक यादी करते. वस्तु नवी आणि यादी जुनी असली तर नांवाऐवजीं नुसते क्रमांक दिसतात. तें पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. वस्तु बनावट आहे असा त्याचा अर्थ होत नाहीं.

याच आज्ञेस आडवी रेघ व के हें अक्षर जोडलें तर प्रत्येक भाग कोणत्या चालकाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, हातीं आहे तेंही दिसतें. वायफाय चालत नाहीं अशी ओरड पुष्कळ शाळांतून होते, आणि यंत्र सदोष म्हणून परत पाठविलें जातें. यादींत वायफायचा भाग आहे, पण त्याखालीं चालकाची ओळच नाहीं, असें दिसलें तर दोष यंत्राचा नव्हे. पद मंजूर आहे, नेमणूक झालेली नाहीं; ही स्थिति शाळांच्या ओळखीची आहे. चालक घालून दिला कीं वायफाय चालूं लागतें. भागच यादींत नसेल तर गोष्ट वेगळी. बाहेरून जोडलेल्या कीबोर्ड, माउस, प्रिंटर वगैरे वस्तूंसाठीं ‘एलएसयूएसबी’ ही बहीण आज्ञा आहे. तीविषयीं अधिक सांगण्यासारखें नाहीं.

सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचें तें डिस्ककडे. मुलांचे गुण, दाखल्यांच्या नोंदी, वेतनाचीं देयकें हें सारें तिच्यावर असतें, आणि संगणकाच्या भागांत झिजून, बाद होऊन, वर नवीं म्हणून विकली जाणारीही हीच वस्तु आहे. ‘एलएसबीएलके’च्या यादींत ‘रोटा’ हा रकाना मागून घेतला, तर त्यांत १ असल्यास फिरती तबकडी आणि ० असल्यास एसएसडी, असा अर्थ होतो. देयक एसएसडीचें आणि रकान्यांत १, इतकें उघड प्रकरण फारसें होत नाहीं. होतें तें जुनें नव्याच्या नांवानें.

त्यासाठीं ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा आहे. पेन ड्राइव्हवरील लिनक्समध्यें ती नेहमीं असतेच असें नाहीं, मग आधीं बसवून घ्यावी लागते. ‘सुडो’, मग ‘स्मार्टसीटीएल’, मग आडवी रेघ व ए, आणि शेवटीं यादींत दिसलेलें डिस्कचें नांव, त्याच्या आधीं तिरक्या रेघांमध्यें ‘डेव्ह’ हा शब्द घालून. आजच्या बहुतेक डिस्क स्वतःची दैनंदिनी ठेवतात. ती एकूण किती तास चालली, किती वेळां सुरू झाली, तिच्यांतील किती जागा निकामी होऊन बाजूस काढाव्या लागल्या, तिचें तापमान किती, हें सर्व तीच लिहिते. तबकडीच्या दैनंदिनींत नववी नोंद तासांची व पांचवी निकामी जागांची असते. पांचव्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यांतील आंकडा शून्य असावा. तो असेल व वाढत जात असेल, तर त्या डिस्कवरील कागदपत्रें त्याच दिवशीं दुसरीकडे उतरून घ्यावीं.

तासांचा हिशेब शाळेस सहज करतां येतो. दिवसाचे सहा तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर वर्षाला १३२० तास होतात. समजा, अहमदपूर किंवा कंधार तालुक्यांतील एखाद्या शाळेंत नवी म्हणून आलेली डिस्क पहिल्याच दिवशीं १४,००० तास दाखविते. शाळेच्या वापराच्या मानानें ती दहा वर्षांहून अधिक चाललेली झाली. अहोरात्र चालणाऱ्या ठिकाणीं असेल तर सुमारें दीड वर्ष. कारखान्यांतील चांचणीचे कांहीं थोडे तास नव्या डिस्कवरही असूं शकतात. हजारों तास कोणत्याही चांचणीचे नसतात.

एसएसडीच्या दैनंदिनींत आणखी एक नोंद असते आणि ती मराठवाड्यांत विशेष वाचण्यासारखी आहे. तिचें नांव ‘अनसेफ शटडाउन’, म्हणजे यंत्र रीतसर बंद न होतां वीज एकाएकीं गेल्याचे प्रसंग. ज्यांनीं २००५ नंतरचीं भारनियमनाचीं वर्षें पाहिलीं आहेत त्यांना हा आंकडा कसा फुगतो हें सांगावयास नको. वीज गेल्यावर कांहीं मिनिटें यंत्र चालूं ठेवणारें यूपीएस शाळेंत आहे, असें नोंदवही सांगते आणि डिस्क शेकडों आकस्मिक अंधारांची नोंद दाखविते, तेव्हां यूपीएसची बॅटरी संपलेली आहे हें न पाहतांही कळतें. एका वस्तूची पडताळणी दुसरीनें करून दिली.

डिस्कची दैनंदिनी डिस्क स्वतः लिहिते, म्हणून तीच शेवटचा शब्द, असें मात्र मानूं नये. २०२५ सालच्या आरंभीं जर्मनींत एक प्रकरण उघडकीस आलें. हजारों तास चाललेल्या मोठ्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या दैनंदिनींतील तासांचा आंकडा पुसून शून्यावर आणलेला होता. वरवर पाहणारास त्या कोऱ्याच वाटल्या. परंतु कारखान्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं त्याच डिस्कमध्यें दुसरी एक नोंद ठेविली होती, ती पुसणाऱ्यांच्या हातून सुटली. दोन वह्या समोरासमोर ठेवतांच खोटेपणा बाहेर पडला. ती दुसरी नोंद वाचण्याची सोय ‘स्मार्टसीटीएल’च्या नव्या आवृत्तींत आहे, पण ती सर्व कारखान्यांच्या डिस्कवर चालत नाहीं.

जेथें दुसरी वहीच नसते तेथें वजन करून घेण्यावांचून गत्यंतर नाहीं. जत्रेंत व रस्त्यावर अगदीं स्वस्तांत मिळणारे मोठमोठ्या आंकड्यांचे पेन ड्राइव्ह याच जातीचे असतात. आंतली जागा ८ जीबीची, आणि ‘एलएसबीएलके’नें विचारलें तरी तो बेधडक ५१२ सांगतो, कारण खोटें सांगण्याचीच शिकवण त्याला दिलेली असते. ‘एफ३’ नांवाचा एक आज्ञांचा संच अशा वेळीं पेन ड्राइव्ह शेवटपर्यंत भरून काढतो आणि लिहिलेलें पुन्हां वाचून पाहतो. खरी जागा जेथें संपते तेथून पुढचें परत वाचतां येत नाहीं. या कामास कित्येक तास लागतात. पण शाळेच्या दाखल्यांची प्रत अशा पेन ड्राइव्हवर ठेवून निर्धास्त बसण्यापेक्षां ते तास सत्कारणीं लागले असें म्हणावें.

ज्यांना विंडोज सोडावयाची नाहीं त्यांनीं तिच्या काळ्या खिडकींत ‘सिस्टिमइन्फो’ लिहिलें तर यंत्राचें नांव, प्रोसेसर व रॅम यांची मोघम माहिती मिळते. पूर्वीं ‘डब्ल्यूएमआयसी’ नांवाची आज्ञा अधिक तपशील देत असे, व जुन्या पुस्तकांतून तीच शिकविलेली आढळते. परंतु विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत ती आपोआप मिळत नाहीं. तिची जागा पॉवरशेलच्या आज्ञांनीं घेतली आहे. त्या लांबलचक आहेत, इतकाच त्यांचा दोष.

हें सर्व एकट्या मुख्याध्यापकांनीं करावें अशी अपेक्षा बाळगणें बरोबर नाहीं. नांदेडजवळ विष्णुपुरी येथें १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंगजी यांच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था चालली आहे. लातुरांतही तंत्रशिक्षणाचीं विद्यालयें आहेत. तेथें शिकणारे कितीतरी विद्यार्थी याच दोन जिल्ह्यांतील शाळांतून गेलेले असतात. सुट्टींत गांवीं आलेल्या अशा एका माजी विद्यार्थ्यास बोलावलें तर दहा यंत्रांचें काम एका दिवसांत उरकतें. नववीच्या वर्गांतील दोन चलाख मुलींना जवळ बसविलें तर पुढच्या वर्षीं त्याचीही गरज उरत नाहीं.

पडद्यावर दिसलेलें उत्तर टिपून ठेवण्याची एक सोपी युक्ति आहे. ‘सुडो’, मग ‘एलएसएचडब्ल्यू’, मग आडवी रेघ व ‘शॉर्ट’ हा शब्द लिहिला कीं सर्व भागांची एकत्र, आटोपशीर यादी निघते. त्यापुढें गणितांत ‘पेक्षां मोठें’ म्हणून जें चिन्ह शिकवितात तें घालून एखादें नांव दिलें, तर यादी पडद्यावर न येतां त्या नांवाच्या फाइलमध्यें जाते. पेन ड्राइव्हवरून चालविलेल्या लिनक्समधील फाइल यंत्र बंद होतांच नाहींशी होण्याचा संभव असतो; म्हणून ती लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरून घ्यावी. तिची छापील प्रत काढून, वर तारीख व यंत्राचा शाळेनें दिलेला क्रमांक घालून, जडसंग्रह नोंदवहींतील त्या यंत्राच्या पानावर चिकटवावी. शेजारीं रॅमच्या पट्टीचा आणि डिस्कचा अनुक्रमांक शाईनें लिहावा, व डिस्कचे त्या दिवसाचे तासही लिहावे. यंत्र दुरुस्तीस बाहेर जाण्याच्या आदल्या दिवशीं एक प्रत आणि तें परत आल्या दिवशीं दुसरी, अशा दोन प्रती काढल्या म्हणजे पुरवठादारास व शाळेस दोघांसही बोलावयास जागा राहत नाहीं.